फुप्फुसांच्या खात्यावरची जुनी बाकी

ॲलर्जी असलेल्या माणसाला आपण एकच प्रश्न विचारतो: कशाची आहे? उत्तर मिळालं की चौकशी संपते. धुळीची असेल तर धुळीपासून लांब राहा, परागकणांची असेल तर मोसमात खिडक्या लावून घे, मांजराची असेल तर मांजर पाळू नकोस. दोष त्याच्या शरीरात, तेव्हा पथ्यही त्यानेच पाळायचं. शिंका आणि धाप हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही.

माझ्या मते चुकतंय. गेल्या पंधरा-वीस वर्षांत श्वासनलिकेच्या पेशींबद्दल जे कळत गेलं, ते पाहता या प्रश्नाला आणखी दोन जोडायला हवेत. त्या हवेत ॲलर्जनच्या, म्हणजे ॲलर्जी उठवणाऱ्या पदार्थाच्या, सोबतीला काय होतं? आणि महिन्याभरापूर्वीच्या हवेत काय होतं? यांची उत्तरं रोग्याच्या हातात नसतात. ती रस्त्यावर, कारखान्यात, इमारतींच्या ओल्या भिंतींत असतात. म्हणून ॲलर्जीचा विषय दवाखान्याइतकाच नगररचनेचा, कामगार कायद्याचा आणि वाहतुकीच्या नियमांचा आहे.

आधी आत काय घडतं ते जवळून पाहू. धुळीतला माइट घ्या. जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचा, आठ पायांचा, कोळ्याच्या गोतातला जीव. आपल्या अंगावरून झडलेले कातडीचे पापुद्रे हे त्याचं अन्न. त्याच्या विष्ठेच्या गोळ्या साधारण २० मायक्रॉनच्या असतात; अंथरूण झटकलं की त्या उडतात आणि थोड्या वेळाने खाली बसतात. आपण जिला धुळीची ॲलर्जी म्हणतो ती बऱ्याचदा या गोळ्यांची असते. त्यांत ‘डेर पी १’ नावाचं प्रथिन असतं. ते मुळात माइटचं पाचक विकर, आणि पचवण्याचा त्याचा गुण माइटच्या पोटातून बाहेर आल्यावरही जात नाही. श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर पडलं की ते शेजारशेजारच्या पेशींना सांधून ठेवणारी प्रथिनं कुरतडायला लागतं. पेशी वाढवून केलेल्या प्रयोगांत १९९९ मध्येच हे दाखवलं गेलं होतं. अस्तराला अशी फट पडली की पेशी धोक्याचे संदेश सोडतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी धावून येतात, इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही रसायनं पाझरू लागतात. कफ वाढतो, नलिकेचे स्नायू आवळतात, माणसाला धाप लागते.

काही तासांनी, फार तर काही दिवसांनी हे सगळं शमतं आणि आपण म्हणतो, ‘ॲटॅक गेला’. पण पेशींच्या केंद्रकात सगळं पहिल्यासारखं झालेलं असतंच असं नाही. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं घडवणारी तीच सुमारे २०,००० जनुकं असतात. त्यांतली कोणती बोलती आणि कोणती मुकी, हे बऱ्याच अंशी डीएनएवर आणि त्याला गुंडाळणाऱ्या प्रथिनांवर बसलेल्या छोट्या रासायनिक खुणांवरून ठरतं. सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट येऊन बसला, आणि तो जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात असला, तर ते जनुक सहसा गप्प होतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर ॲसिटिल गट लागले की गुंडाळी सैल होते आणि तिथली जनुकं वाचता येतात. अक्षरं तीच राहतात, फक्त वाचन बदलतं. या खुणांच्या अभ्यासालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. आणि या खुणा, माणूस श्वासावाटे काय घेतो त्यानुसार हलतात.

२००८ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात हे नेमकं पकडलं गेलं. उंदरांना डिझेलचा धूर आणि ॲस्परजिलस बुरशीचं ॲलर्जन दोन्ही दिलं. त्यांच्या रक्तात ॲलर्जीची प्रतिपिंडं वाढली, शिवाय इंटरल्यूकिन-४ च्या जनुकावरचे मिथाइल गट कमी झाले आणि त्याला आवर घालणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमाच्या जनुकावर ते वाढले. ॲलर्जी भडकवणारं जनुक मोकळं, शांत करणारं बांधलेलं. पुढे २०१३ मध्ये नुसत्या माइटच्या ॲलर्जननेही उंदरांच्या फुप्फुसांतल्या मिथाइल खुणा बदलतात, हे दिसलं.

उंदरांचं ठीक, माणसांचं काय? कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. १७ स्वयंसेवक. त्यांना एका बंद कक्षात दोन तास बसवून कधी गाळलेली स्वच्छ हवा, तर कधी मोजून पातळ केलेला डिझेलचा धूर दिला. मग दुर्बिणीच्या नळीतून फुप्फुसाच्या एका भागात ॲलर्जन सोडलं आणि दुसऱ्या भागात साधं मीठपाणी. दोन दिवसांनी पुन्हा नळी घालून, बारीक ब्रशने अस्तराच्या पेशी खरवडून घेतल्या आणि लाखो जागांवरच्या मिथाइल खुणा तपासल्या. सुमारे चार आठवड्यांनी हेच चक्र पुन्हा, पण हवेची अदलाबदल करून. एकाच माणसाच्या छातीत ॲलर्जनचा भाग आणि मीठपाण्याचा भाग शेजारी शेजारी असल्यामुळे तुलना घरच्या घरीच झाली, ही या मांडणीतली मला फार आवडलेली गोष्ट.

निष्कर्ष अनपेक्षित होता. एकट्या, पहिल्या संपर्काने दोन दिवसांत फारसं काहीच बदललं नाही. बदल दिसले ते दुसऱ्या संपर्कानंतर, जिथे चार आठवड्यांपूर्वी दुसरं काहीतरी येऊन गेलं होतं तिथे. आधी ॲलर्जन आणि मग धूर, की आधी धूर आणि मग ॲलर्जन, या क्रमानेही बदलांची संख्या आणि जागा वेगळ्या झाल्या. म्हणजे पहिला संपर्क वरकरणी काही न करता निघून गेला होता, पण पेशी तयार करून गेला होता. दुकानदाराच्या खतावणीत उधारी मांडून ठेवावी आणि गिऱ्हाईक पुन्हा आलं की जुनी बाकी धरून हिशोब व्हावा, तसं हे आहे.

इथे एक शंका रास्त आहे. अस्तराच्या पेशी मरतात, झडतात, नव्या येतात. मग ही बाकी राहते कुठे? या शंकेचं निदान अर्धं उत्तर २०१८ मध्ये मिळालं. जुनाट ॲलर्जिक दाहामुळे नाकात मस्से झालेल्या रुग्णांच्या ऊती तपासताना दिसलं, की अस्तराच्या तळाशी असलेल्या, नव्या पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशींमध्येच दाहाची आठवण टिकून होती. त्या पेशी बाहेर काढून वाढवल्या तरी त्यांच्यात इंटरल्यूकिन-४ आणि १३ च्या जुन्या प्रभावाची छाप दिसत होती. वरचा थर कितीही वेळा बदलो, तो घडवणाराच बदललेला असेल तर नवा थरही तसाच निघणार.

आता आपले नियम पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेचे निकष कडक केले. पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांसाठी, वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, चोवीस तासांची १५. स्वागतच आहे. पण ही यादी एकेका प्रदूषकाची वेगवेगळी आहे. प्रत्येक पदार्थ दिवसाच्या किंवा वर्षाच्या सरासरीत तोलायचा आणि मर्यादेच्या आत असला की निश्चिंत व्हायचं. परागकण, माइट, बुरशी, उंदरा-झुरळांची प्रथिनं यांना या यादीत जागा नाही. ओल आणि बुरशीबद्दल याच संघटनेची २००९ ची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण त्यांत बुरशीची मोजता येईल अशी मर्यादा नाही. धूर पर्यावरण खात्याकडे, ओल घरबांधणीकडे, कारखान्यातली भुकटी कामगार खात्याकडे आणि परागकण कुणाकडेच नाहीत. फुप्फुसांना मात्र खाती-उपखाती माहीत नसतात. ती सगळं एकाच श्वासात घेतात आणि मागचंही लक्षात ठेवतात. मिश्रण आणि क्रम या ज्या दोन गोष्टी तिथे निर्णायक दिसतात, नेमक्या त्याच आपल्या नियमांत कुठे नाहीत.

हे लिहिताना सुतावरून स्वर्ग गाठायची हौस आवरायला हवी, कारण या क्षेत्रात ती फार बोकाळली आहे. १७ माणसं म्हणजे १७ माणसं. मिथाइल खुणेत झालेला छोटा बदल म्हणजे रोग नव्हे. शिवाय कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा गुंता आहेच. २०१८ मध्ये युरोपातल्या मुलांच्या अनेक अभ्यासगटांची माहिती एकत्र करून दम्याच्या मुलांच्या रक्तात मिथाइल खुणांच्या १४ जागा सापडल्या. पण त्या खुणा जन्माच्या वेळी दिसत नव्हत्या, नंतरच्या वर्षांत उमटल्या होत्या, आणि त्यांचा बराचसा संबंध इओसिनोफिल या ॲलर्जीत खवळणाऱ्या पेशींशी होता. म्हणजे काही खुणा दम्याचं कारण नसून दम्याची सावली असू शकतात. आणखी एक किस्सा या क्षेत्रातल्या लोकांनी विसरू नये असा आहे. गाभण उंदरिणींच्या खाद्यात मिथाइल पुरवणारे घटक वाढवले तर पिल्लांना ॲलर्जिक दमा जास्त होतो, असं सांगणारा शोधनिबंध २००८ मध्ये आला आणि खूप गाजला. २०१६ मध्ये तो मागे घेण्यात आला. आधीच्या कितीतरी लेखांतून त्याचे दाखले तोवर पुढे गेले होते ते गेलेच.

म्हणून ‘तुमची एपिजेनेटिक तपासणी करा आणि फुप्फुसं शुद्ध करा’ असं कुणी विकायला आलं तर दार लावून घ्यावं. आज या खुणांवरून एकट्यादुकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही. त्या पुसणारं औषध मात्र एका अर्थाने जुनंच आहे. दम्याच्या इनहेलरमधली स्टिरॉइड्स ज्या वाटांनी दाह शमवतात, त्यांतली एक म्हणजे हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढणाऱ्या विकराला भडकलेल्या जनुकांपाशी आणून बसवणं. धूम्रपानाने हेच विकर कमी पडतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांना स्टिरॉइड्स कमी लागू पडतात याचं ते एक कारण मानलं जातं. धूर औषधाचीही धार बोथट करू शकतो, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या कानावर घालण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ॲलर्जनमुळे एवढं होत असेल तर ॲलर्जनच हटवा की! प्रयत्न झाले आहेत. माइट बाहेर येऊ न देणारी गादी-उशांची आवरणं कितपत उपयोगी पडतात, हे एक हजाराहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांमध्ये पाहणारी चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. दम्यात फरक पडला नाही. केवळ गादीवर लक्ष ठेवणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं झालं. उलट, निर्जंतुक जगणं हाही उपाय दिसत नाही. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना २०१६ मध्ये झाली. वंश जवळचा, राहणी सारखी, पण आमिश मुलांत दम्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आणि हटराइट मुलांत २१. आमिशांची शेती पारंपरिक, जनावरं घराला लागून. हटराइटांची मोठी, यांत्रिक. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली तर त्यांचा ॲलर्जिक दमा रोखला गेला. गोठ्यात सापडणाऱ्या एका जिवाणूचा संपर्क गाभण उंदरिणींना दिला, तेव्हा पिल्लांच्या इंटरफेरॉन-गॅमा जनुकाजवळच्या हिस्टोनवरच्या खुणा बदलून त्यांना संरक्षण मिळालं, हेही २०११ मध्ये दिसलं. थोडक्यात, हवेतून खुणा उमटतात त्या वाईटच असतात असं नाही.

मला हा आक्षेप माझ्या बाजूचाच पुरावा वाटतो. ॲलर्जन एकटं असताना, जिवाणूंच्या सोबतीने असताना आणि डिझेलच्या सोबतीने असताना वेगळं वागतं. परागकण आणि माइट पृथ्वीवरून हटणार नाहीत, हटवूही नयेत. त्यांची वाईट संगत मात्र आपण निर्माण केलेली आहे आणि ती आपल्याला तोडता येते. आणि जिथे ॲलर्जनचा झोत माणसाच्या कामातून येतो, तिथे तोही उगमापाशीच अडवता येतो.

याची उदाहरणं आहेत आणि ती एपिजेनेटिक्सच्या आधीची आहेत. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ साथी आल्या. एखाद्या दिवशी अचानक आपत्कालीन विभागात धापा टाकणाऱ्यांची रीघ लागायची आणि मग सगळं शांत. संशोधकांनी त्या तारखा बंदरात लागणाऱ्या जहाजांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सोयाबीन उतरवलं जात होतं त्या दिवसांशी त्या जुळल्या. एका कोठाराला गाळण्या नव्हत्या. सोयाबीनची भुकटी वाऱ्याबरोबर शहरावर यायची. गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. या काळात ‘सोयाबीनपासून लांब राहा’ असा सल्ला रुग्णांना दिला असता तर? आपण श्वासावाटे सोयाबीन घेतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

दुसरं उदाहरण रबरी हातमोज्यांचं. लॅटेक्सचे मोजे सहज चढावेत म्हणून आत मक्याच्या पिठासारखी पूड घालत. लॅटेक्सची प्रथिनं या पुडीला चिकटायची आणि मोजा काढताच खोलीभर उडायची. परिचारिका, डॉक्टर, दंतवैद्य यांच्यात लॅटेक्सची ॲलर्जी आणि दमा झपाट्याने वाढला. जर्मनीने १९९८ च्या सुमारास पूड घातलेल्या लॅटेक्स मोज्यांवर बंदी आणली आणि नव्या रुग्णांची संख्या घसरली. अमेरिकेत पूडवाल्या मोज्यांवर सरसकट बंदी यायला जानेवारी २०१७ उजाडलं. मधल्या वीसेक वर्षांत किती जणांच्या मूळ पेशींवर किती खुणा उमटल्या असतील, याचा हिशोब कुणाकडे नाही.

एपिजेनेटिक पुराव्याने या वादात नवी भर पडते ती या विलंबाबद्दल. जुना समज असा, की कारण काढलं की परिणाम जातो. म्हणून नियम करायला दोन वर्षं उशीर झाला तर नुकसान त्या दोन वर्षांपुरतं. पण लाल देवदाराच्या लाकडाच्या भुशामुळे दमा झालेल्या कामगारांचा कॅनडात दीर्घकाळ पाठपुरावा झाला. काम सोडल्यानंतर काही वर्षांनीही निम्म्याहून अधिक जणांचा दमा कायम होता. बरे झाले ते बहुतेक लवकर निदान झालेले आणि भुशात कमी काळ राहिलेले. हे निरीक्षण जुनं आहे. ते असं का, याचा एक संभाव्य खुलासा आता आपल्या हाती येतोय. तो पुरता सिद्ध व्हायची वाट पाहायला हरकत नाही, पण तोवर कामगाराने भुशात उभं का राहायचं? व्यावसायिक दम्याच्या दाव्यात ‘नोकरी सोडून वर्ष झालं, मग अजून धाप लागते ती नोकरीमुळे कशी?’ हा मालकपक्षाचा लाडका युक्तिवाद तर यापुढे कुणी ऐकून घेऊ नये.

याच पुराव्याचा गैरवापर कसा होईल हेही दिसतंय. गर्भारपणात आईने धूम्रपान केलं तर बाळाच्या नाळेच्या रक्तात एएचआरआर या जनुकावर ठरावीक खूण दिसते, हे २०१२ पासून वारंवार सिद्ध झालं आहे. तेवढ्यावरून मुलाच्या दम्याला आईच जबाबदार, असा सूर लावायला वेळ लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपली जुनी खोड आहे. घरात धूर कोण सोडतं, खिडकीखाली रस्ता कुणी आणला, भिंतीला ओल का आहे, हे विचारण्यापेक्षा गर्भवतीला पथ्य सांगणं सोपं जातं. आणि आजोबांनी ओढलेल्या धुरामुळे नातवाला दमा, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोष्टी तर माणसांच्या बाबतीत अजून फार कच्च्या आहेत. बहुतेक मिथाइल खुणा बीजपेशी घडताना आणि गर्भधारणेनंतर लगेच पुसल्या जातात.

मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं. राय गवताचे परागकण आर्द्रतेने फुटले, त्यांचे बारीक कण वाऱ्याच्या झोतासरशी जमिनीलगत आले आणि हजारो लोक एकाच वेळी धापा टाकू लागले. १० जण दगावले. बाधितांत कितीतरी जण असे होते ज्यांना तोवर दमा नव्हता, फक्त शिंका येत. पुढच्याच वर्षी तिथे अशा वादळाचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. गवताचे परागकण आणि हवामान यांची सांगड घालून ती लोकांना सांगते, आज घरात थांबा, इनहेलर जवळ ठेवा. ही मोठी सुधारणा आहे, यात वाद नाही. पण सूचना अजून रुग्णालाच आहे. तिथे मोसमात परागकणांचा अंदाज रोज निघतो, धुराची मोजणी तासागणिक होते. हे दोन आकडे एकाच पडद्यावर आणायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. परागकण चढलेल्या आठवड्यात जड डिझेल वाहनं शाळांच्या आणि रुग्णालयांच्या रस्त्यांवरून वळवायची, बांधकामाची धूळ आणि डिझेल जनित्रं त्या दिवसांत बंद ठेवायची, आणि मोसम सुरू होण्याच्या महिनाभर आधीपासूनच हे निर्बंध लावायचे, कारण बाकी तेव्हापासून चढायला लागते. असा नियम अर्थातच वाहतूकदारांना, बांधकाम व्यावसायिकांना खटकेल. त्यांनी नुकसानीचा आकडा मांडावा. समोर दम्याच्या रुग्णालयभरतीचा आकडा ठेवून तो तपासता येईल, आणि तेव्हा निदान दोन्ही बाजूंचा खर्च एकाच टेबलावर असेल.